मेंदूतल्या रक्तस्रावाचं संशोधन जिल्हा रुग्णालयात व्हायला हवं

चीनमध्ये रुग्णवाहिकांत केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. लकव्याची लक्षणं आणि वाढलेला रक्तदाब असलेले सुमारे २,४०० रुग्ण तिच्यात होते. निम्म्यांना रुग्णालयात पोचायच्या आत, गाडीतच, रक्तदाब उतरवणारं इंजेक्शन दिलं. उरलेल्यांना रुग्णालयात पोचल्यावर नेहमीचे उपचार मिळाले. सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. मग सिटी स्कॅनच्या अहवालानुसार रुग्ण वेगळे केले आणि चित्र पालटलं. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला होता, त्यांना गाडीतल्या इंजेक्शनाचा फायदा झाला होता. ज्यांची रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली होती, त्यांचं नुकसान झालं होतं. फायदा आणि तोटा एकमेकांत वजा होऊन बेरीज शून्य येत होती.

हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही, कारण बाहेरून हे दोन्ही रुग्ण सारखेच दिसतात. तोंड वाकडं होतं, हात उचलत नाही, जीभ जड होते. आपल्याकडे दोघांनाही एकाच पद्धतीने गाडीत घालून आधी गावातल्या डॉक्टरकडे, तिथून ग्रामीण रुग्णालयात आणि तिथून जिल्ह्याला नेतात. मधल्या कोणीतरी ‘बीपी फार आहे’ म्हणून जिभेखाली गोळी दिलेली असते. ती गोळी त्या माणसाला तारक ठरली की मारक, हे सिटी स्कॅन होईपर्यंत सांगता येत नाही, आणि स्कॅन व्हायला कित्येकदा अर्धा दिवस उलटतो. २०१४ पासून आपल्याकडे १०८ ची सेवा आहे आणि तिच्या गाडीत डॉक्टर असतो, ही मोठीच गोष्ट आहे. पण लकव्याचा रुग्ण सिटी स्कॅन नसलेल्या रुग्णालयात उतरवला, तर त्या गाडीने वाचवलेला वेळ तिथेच संपतो.

मेंदूतल्या रक्तस्रावावरचं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शकाखालची शस्त्रक्रिया, मांडीतून मेंदूपर्यंत सरकवलेली नळी, प्लॅटिनमची वेटोळी असं काहीतरी येतं. वर्तमानपत्रांत बातम्याही त्याच येतात. त्या तंत्रांनी जीव वाचतात, त्याबद्दल दुमत नाही. पण सरकारी पैसा, डॉक्टरांचा वेळ आणि संशोधकांचं लक्ष यांचा क्रम लावायचा झाला, तर तो जिल्हा रुग्णालयापासून सुरू व्हायला हवा, तिथला पुरावाही तिथेच गोळा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या चाचण्या नीट लावून वाचल्या, तर वेगळा निष्कर्ष निघणं कठीण आहे.

रक्तस्राव कसा होतो ते आधी पाहू. वर्षानुवर्षं रक्तदाब वाढलेला राहिला की मेंदूच्या खोल भागात शिरणाऱ्या केसासारख्या बारीक धमन्यांच्या भिंती झिजतात, आणि एक दिवस त्यांतली एखादी फुटते. रक्त तिथेच साकळतं. पण फुटल्या क्षणी सगळं संपत नाही. साधारण एक तृतीयांश रुग्णांत पहिल्या काही तासांत तो साका वाढत राहतो, आणि तो जितका वाढतो तितका रुग्ण हातातून जातो. महिनाभरात दहातले साधारण चार जण दगावतात. म्हणजे उपचाराला हातात सापडतो तो काळ पहिल्या काही तासांचा.

हा साका काढून टाकावा, हा विचार साहजिक होता. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत हजारावर रुग्ण होते. लवकर शस्त्रक्रिया करून काढण्याचा फायदा दिसला नाही. मग रक्त गोठवणारं अत्यंत महागडं औषध, सातवा घटक, वापरून पाहिलं. २००८ च्या निष्कर्षांत साका वाढायचा कमी झाला, पण माणसं मरायची किंवा अपंग व्हायची थांबली नाहीत. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने पहिल्यांदा दाखवलं, की बारीक नळीतून, चोवीस तासांच्या आत साका काढला तर रुग्ण जास्त चांगले बरे होतात. आनंदाची गोष्ट आहे. मात्र फायदा झाला तो मेंदूच्या पृष्ठभागाजवळच्या रक्तस्रावात. खोल भागातल्या, म्हणजे मुख्यतः रक्तदाबामुळे होणाऱ्या रक्तस्रावाचे रुग्ण त्या चाचणीत घेणं मध्येच थांबवावं लागलं, कारण त्यांना फायदा होण्याची चिन्हं दिसत नव्हती. आपल्या वॉर्डात खाटेवर दिसतो तो बहुतेक वेळा हाच खोल रक्तस्राव.

या सगळ्या धडपडीच्या मध्ये २०२३ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीकडे आपल्याकडे पुरेसं लक्ष गेलेलं नाही. इंटरॅक्ट-३ हे तिचं नाव. दहा देश, १२१ रुग्णालयं, सात हजारांवर रुग्ण. देश होते चीन, भारत, पाकिस्तान, श्रीलंका, व्हिएतनाम, नायजेरिया, ब्राझील, मेक्सिको, पेरू आणि चिली. तिच्यात नवं औषध कुठलंच नव्हतं. नियम चार: एका तासात वरचा रक्तदाब १४० च्या खाली आणायचा, साखर आटोक्यात ठेवायची, ताप ३७.५ अंश सेल्सियसच्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि रुग्ण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असेल तर त्यांचा परिणाम तासाभरात उलटवायचा. चारही एकदम, पहिल्या तासापासून. सहा महिन्यांनंतर पाहिलं तर वाईट परिणामाची शक्यता १४ टक्क्यांनी कमी झाली होती, मृत्यूही कमी झाले होते. संशोधकांच्या हिशेबाने दर ३५ रुग्णांमागे एक जादा जीव वाचला. मेंदूतल्या खोल रक्तस्रावावर इतक्या मोठ्या चाचणीत फायदा दिसलेला उपचार म्हणजे नर्सच्या ट्रॉलीवरचं सामान आहे.

सामान साधं आहे, काम मात्र साधं नाही, आणि आपल्या संशोधनाचा विषय नेमका इथे सुरू होतो. एखाद्या जिल्हा रुग्णालयात रात्री दोन वाजता रक्तदाब २२० वर असलेला माणूस येतो. शिरेतून द्यायचं औषध फार्मसीत आहे, पण कुलपात आहे. थेंब मोजून देणारा पंप एक आहे आणि तो दुसऱ्या रुग्णाला लावलेला आहे. दर पंधरा मिनिटांनी रक्तदाब बघायचा म्हटलं तर तीस-चाळीस रुग्णांच्या वॉर्डात सिस्टर एकटी. नातेवाईक सांगतात, यांच्या हृदयाची झडप बदललेली आहे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. म्हणजे आयएनआर, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा, तपासायला हवा, आणि प्रयोगशाळेतला माणूस सकाळी आठला येतो. व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन आहे, पण प्लाझ्मासाठी रक्तपेढीकडे चिठ्ठी घेऊन कोणीतरी धावायला हवं. या प्रत्येक अडथळ्याला उत्तर आहे. कुठलं उत्तर चालतं आणि कुठलं कागदावर राहतं, हे शोधणं हेही विज्ञानच आहे. प्रयोगशाळेत रेणूचा अभ्यास करणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो. रात्रीच्या पाळीत एका तासात रक्तदाब १४० च्या खाली आणता येतो का, हे तीन वॉर्डांत, तीन पद्धतींनी मोजून बघणाऱ्यालाही म्हणायला हवं.

इथे मेंदूच्या धमनीला येणाऱ्या फुग्याचा, म्हणजे ॲन्युरिझमचा मुद्दा कोणी काढेल, आणि तो रास्त आहे. फुगा फुटून मेंदूभोवतीच्या जागेत रक्त पसरतं तेव्हा चार नियमांनी भागत नाही. तो फुगा लवकरात लवकर बंद करावा लागतो, नाहीतर पहिल्याच दिवसात पुन्हा फुटण्याचा धोका मोठा असतो. वॉल्टर डँडी यांनी १९३७ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा फुग्याच्या मानेला चिमटा लावला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून आतूनच प्लॅटिनमची बारीक वेटोळी भरायची सोय झाली. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २,१४३ रुग्णांच्या चाचणीत चिमटा लावलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के वर्षभरात मृत किंवा परावलंबी होते, वेटोळी भरलेल्यांत सुमारे २४ टक्के. फरक मोठा आहे. पण वेटोळ्यांचा खर्च लाखांच्या घरात जातो आणि ते करू शकणारे हात मोजक्या शहरांत आहेत, त्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न बऱ्याचदा पुराव्यावर सुटत नाही, खिशावर सुटतो.

तरीही या रुग्णाचं नशीब आधी ठरतं ते जिल्ह्याच्याच पातळीवर. एका क्षणात उठलेली, ‘आयुष्यात कधी झाली नव्हती’ अशी डोकेदुखी घेऊन तो येतो. हात-पाय चालत असतात, बोलत असतो. पित्त झालं असेल, मायग्रेन असेल, मान अवघडली असेल असं म्हणून वेदनाशामक देऊन घरी पाठवलं जातं. डोकेदुखी सुरू झाल्यापासून सहा तासांच्या आत आधुनिक यंत्रावर सिटी स्कॅन झाला आणि तो नीट वाचला गेला, तर असा रक्तस्राव सहसा सुटत नाही, हे कॅनडातल्या अभ्यासाने २०११ मध्ये दाखवलं. वेळ गेला की ही खात्री उतरत जाते. आणि निमोडिपिन नावाची गोळी दर चार तासांनी तीन आठवडे दिली तर नंतरचे मेंदूघात कमी होतात, हे १९८९ पासून माहीत आहे. मोठ्या शहरातली शस्त्रक्रिया यशस्वी व्हायची तर छोट्या शहरातलं निदान आणि पहिली गोळी वेळेवर व्हायला हवी.

न फुटलेल्या फुग्यांबाबत तर आपल्याकडे पुराव्याचीच उणीव आहे. प्रौढांपैकी साधारण तीन टक्क्यांत असा फुगा असतो आणि बहुतेकांचा कधीच फुटत नाही. आता एमआरआय सहज होतो, त्यामुळे चक्कर किंवा डोकेदुखीसाठी स्कॅन करताना फुगा अचानक सापडतो आणि घर हादरून जातं. फुटण्याचा धोका किती, बंद करण्याचा धोका किती? डॉक्टर मग एक गुणतक्ता काढतात. २०१४ मध्ये सहा अभ्यासांतल्या ८,३८२ लोकांच्या माहितीवरून तो तयार झाला. त्यात वयाला, रक्तदाबाला, फुग्याच्या आकाराला आणि जागेला गुण आहेत, आणि लोकसमूहालाही आहेत. जपानी असाल तर तीन गुण, फिनलंडचे असाल तर पाच. बाकी युरोप आणि उत्तर अमेरिकेला शून्य. सात ते दहा मिलिमीटरच्या फुग्यालाही तीनच गुण मिळतात, यावरून या रकान्याचं वजन लक्षात येईल. भारतीयांसाठी रकानाच नाही. सांगलीच्या किंवा लातूरच्या बाईचे गुण मोजताना डॉक्टर तिला युरोपीय धरतात, कारण दुसरा इलाज नाही.

हा कोणाचा पक्षपात नाही. जपान आणि फिनलंडने आपल्या रुग्णांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, म्हणून त्यांचा धोका त्यांना कळला. आपण ठेवली नाही. तंबाखू आणि रक्तदाब या दोन गोष्टी फुगा फुटण्याशी जोडलेल्या आहेत हे जगाला माहीत आहे, पण जगाच्या अभ्यासात तंबाखू म्हणजे सिगारेट. आपल्या खेड्यांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या मिश्री लावत आल्या आहेत. तिचा या फुग्यांवर काय परिणाम होतो, हे विचारायला हेलसिंकीहून कोणी येणार नाही.

असं संशोधन महाराष्ट्रात होऊ शकतं का? झालेलं आहे. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने डॉ. योगेश्वर काळकोंडे यांच्या पुढाकाराने ८६ गावांतल्या मृत्यूंचा अभ्यास केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे सातातला एक, लकव्याने झाला होता. त्या गावांत मृत्यूचं ते पहिल्या क्रमांकाचं कारण होतं. हृदयविकार, मधुमेह, पक्षाघात हे ‘शहरी’ आजार असा आपला जो समज होता, त्याला या एका आकड्याने धक्का दिला. त्याहून अस्वस्थ करणारा आकडा त्याच अभ्यासात आहे: या मृत्यूंपैकी ८७ टक्के घरीच झाले. घरी गेलेल्या माणसाचा सिटी स्कॅन झालेला नसतो. त्याला गुठळी होती की रक्तस्राव, हे कायमचं अज्ञात राहतं. मुंबईतल्या नोंदींत साधारण सहापैकी एक लकवा रक्तस्रावाचा निघाला होता. ज्या भागांत रक्तदाबाची गोळी नियमित पोचत नाही तिथे हे प्रमाण तेवढंच असेल, असं गृहीत धरायला कुठलाही आधार नाही.

गडचिरोलीचं आणखी एक उदाहरण इथे महत्त्वाचं आहे. नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा ‘सर्च’चा प्रयोग १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये आला, आणि २०११ मध्ये तो आशाताईंमार्फत देशभराचा कार्यक्रम झाला. गावात केलेला, गावच्या बायकांनी राबवलेला, आकडेमोडीत चोख असा प्रयोग धोरण बदलू शकतो, हे याच मातीत सिद्ध झालं आहे. रक्तदाबाच्या बाबतीत तर निम्मी वाट तयार आहे. भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या शेवटी ज्या पाच राज्यांत सुरू झाला त्यांत महाराष्ट्र होता. ठरलेली दोन-तीन साधी औषधं, ठरलेला क्रम, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि महिन्याची गोळी जवळच्या केंद्रात, एवढाच त्याचा गाभा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या २४ टक्के पुरुषांत आणि २१ टक्के स्त्रियांत रक्तदाब वाढलेला आढळला. ‘बरं वाटायला लागलं म्हणून गोळी बंद केली’ हे वाक्य प्रत्येक डॉक्टरने ऐकलेलं असतं. त्या वाक्यानंतर किती महिन्यांनी, किती जणांची धमनी फुटली, याची मोजणी रक्तदाबाच्या नोंदी आणि लकव्याच्या नोंदी एकमेकींना जोडल्या तर सहज होईल. आज त्या वेगवेगळ्या कपाटांत आहेत.

यावर एक आक्षेप येतो आणि तो मला टाळायचा नाही. सरकारी रुग्णालयातला गरीब रुग्ण संशोधनाला का जुंपायचा? आंध्र प्रदेश आणि गुजरातेत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या लशीबाबत २००९-१० मध्ये जे घडलं, आदिवासी मुलींच्या बाबतीत संमती ज्या तऱ्हेने घेतली गेली, त्यानंतर लोकांच्या मनात ‘आमच्यावर प्रयोग’ ही भीती बसली, आणि ती अनाठायी नव्हती. त्यातून नियम कडक झाले. २०१९ च्या नियमांत भरपाई आणि नीतिसमितीची जबाबदारी स्पष्ट लिहिलेली आहे. ते कडकच असावेत. पण इथे ज्या संशोधनाबद्दल मी बोलतो आहे त्यात कोणाला अज्ञात औषध द्यायचं नाही. इंटरॅक्ट-३ ची रचनाच बघा. सगळ्या रुग्णालयांना नवी पद्धत मिळणारच होती. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, एवढंच चिठ्ठ्या टाकून ठरलं. आज जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या रुग्णाला त्या रात्री जो डॉक्टर असेल त्याच्या सवयीप्रमाणे उपचार मिळतात, आणि त्यांचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. न मोजलेला उपचार हाही प्रयोगच आहे, फक्त त्यातून कोणी काही शिकत नाही. गरीब रुग्णावर खरा अन्याय तो आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. त्याचं उत्तर आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या ग्रंथालयांत आहे. एमडी करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. मेडिसिन विभागात मेंदूतला रक्तस्राव हा पिढ्यान्‌पिढ्यांचा आवडता विषय आहे, कारण रुग्ण भरपूर असतात. प्रत्येक प्रबंधात पन्नास-शंभर रुग्ण, प्रत्येकाचा प्रोफॉर्मा, म्हणजे माहिती भरायचा नमुना, वेगळा, शेवटी घडी घातलेला मास्टर चार्ट. साक्याचा आकार कोणी मिलिलिटरमध्ये मोजलेला, कोणी नुसतं ‘मोठा’ लिहिलेलं. शुद्धीची पातळी कोणी आकड्यात नोंदवलेली, कोणी शब्दांत. परीक्षा झाली, कापडी बांधणीतलं पुस्तक कपाटात गेलं, आणि त्यातला एकही रुग्ण दुसऱ्या कॉलेजच्या रुग्णाशी बेरजेत आला नाही. त्या मुलांनी रात्र-रात्र बसून केलेलं काम वाया जातं याचं मला फार वाईट वाटतं, आणि ज्या नातेवाइकांनी त्या गोंधळात सही करून माहिती दिली त्यांच्याबद्दल तर अधिकच.

नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ राज्यातल्या बहुतेक वैद्यकीय महाविद्यालयांना बांधणारी एकच संस्था आहे. विद्यापीठाने मेंदूतल्या रक्तस्रावासाठी एकच दोन पानी प्रोफॉर्मा ठरवावा. या विषयावर सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, देणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने तो भरावा. आपला खास प्रश्न त्याला वर जोडता येईल. लक्षणं कधी सुरू झाली, पहिला डॉक्टर कधी भेटला, स्कॅन कधी झाला, रक्तदाब १४० च्या खाली कधी आला, रक्तदाबाची गोळी आधी चालू होती का, कधी सुटली, तंबाखू कुठल्या रूपात, फुगा सापडला का आणि किती मिलिमीटरचा. नाव-पत्ता काढून सगळी माहिती एका ठिकाणी जमा व्हावी. दोन-तीन वर्षांत अशी नोंदवही उभी राहील, की फुग्यांच्या गुणतक्त्यातला भारतीय रकाना भरायला सुरुवात करता येईल आणि चार नियमांपैकी आपल्याकडे कुठला कुठे अडतो हे आकड्यांत दिसेल. यासाठी इमारत लागत नाही, परदेशी अनुदान लागत नाही. एक परिपत्रक, एक छोटी सांख्यिकी शाखा आणि प्रत्येक महाविद्यालयात जबाबदार असा एक शिक्षक लागतो.

सर्वांत अवघड रकाना शेवटचा आहे: सहा महिन्यांनंतर रुग्ण कसा आहे. जगभरच्या चाचण्या यासाठी शून्य ते सहा अशी मोजपट्टी वापरतात. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, तीन म्हणजे मदत लागते पण आपल्या पायांनी चालतो, सहा म्हणजे मृत्यू. ही पट्टी फोनवर भरता येते. घरच्या माणसाला विचारायचं: स्वतः आंघोळ करतात का, एकटे बाहेर जाऊन येतात का, पैशाचे व्यवहार बघतात का, गोळ्या चालू आहेत का. पाच मिनिटांचं बोलणं. आज डिस्चार्ज कार्ड हातात पडल्यावर रुग्णालयाचा आणि त्या घराचा संबंध संपतो, आणि पुढचे उपचार कित्येकदा कबुतराच्या रक्तापासून सुरू होतात. प्रबंधाच्या निमित्ताने का होईना, सहा महिन्यांनी तो फोन गेला, तर आकडा तर मिळेलच. पण बंद पडलेली रक्तदाबाची गोळी त्या फोनवर पुन्हा चालू करता येईल, आणि दुसरा रक्तस्राव टाळण्याची वेळ तीच असते.